प्रतिध्वनी होण्यापूर्वी

पाण्यातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर लुब्ध होऊन झिजून गेलेल्या नार्सिससची ग्रीक पुराणकथा बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या नावावरून आत्मरतीला 'नार्सिसिझम' ही संज्ञा मिळाली. १९१४ मध्ये फ्रॉइडने तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात तिच्या विकृत रूपाची व्यक्तिमत्त्व-विकार म्हणून नोंद झाली. मात्र रोमन कवी ओव्हिडच्या कथनातील एको या वनदेवतेची आठवण आपण क्वचितच ठेवतो. तिला आपण होऊन बोलता येत नसे. दुसऱ्याचे अखेरचे शब्द तेवढे ती उच्चारू शके. नार्सिससने झिडकारल्यावर ती झुरत गेली, तिच्या अस्थींचे पाषाण झाले आणि केवळ आवाज उरला.

आत्मरत जोडीदार ओळखायचा असेल, तर आधी एकोकडे पाहावे, असे मला वाटते. कारण तो स्वतः आरंभी फार मोहक असतो. माझ्या भाचीचे लग्न ठरले, तेव्हा स्तुती आणि भेटवस्तू यांचा नुसता वर्षाव होता. साखरपुड्यानंतर चित्र पालटले. तिने बढतीची वार्ता सांगितली, की विषय त्याच्या कर्तृत्वाकडे वळे. ती आजारी पडली, तर त्याचा बेत बिघडला म्हणून क्षमा तिनेच मागायची. चारचौघांत तिचा पाणउतारा करायचा आणि तिचे डोळे भरून आले, की "तुला विनोदच कळत नाही" असे म्हणायचे. एके दिवशी कसल्याशा साध्या गोष्टीवर मी तिचे मत विचारले. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मावशी, हल्ली मला काय वाटतं, तेच मला कळत नाही."

प्रत्येक अहंकारी माणूस मनोरुग्ण नसतो. निदान हे तज्ज्ञांचे काम आहे. परंतु एक कसोटी कुणालाही लावता येते. "तुझ्या वागण्याने मी दुखावले," असे सांगितल्यावर सामान्य स्वार्थी माणूस कधीतरी ओशाळतो. आत्मरत माणूस मात्र स्वतःच दुखावल्याचा कांगावा करतो आणि सांगणारीलाच अपराधी ठरवतो.

आपल्या समाजात अशा मुलीला बहुधा क्रूस वाहण्याचा उपदेश मिळतो. पण आपल्या लग्नविधीत बहुधा वाचला जाणारा संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय बढाईला आणि स्वार्थाला प्रेमात स्थान देत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या उद्बोधनपत्राच्या चौथ्या प्रकरणात याच अध्यायाचे विवेचन केले आहे. दीर्घकाळच्या छळापुढे विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, हेही त्याच पत्रात त्यांनी मान्य केले. विवाहापूर्वी तर वाट अधिक मोकळी असते. १९८३ च्या धर्मसंहितेतील १०६२ व्या कलमानुसार विवाहाच्या वचनावरून कुणालाही वेदीपुढे उभे राहण्यास भाग पाडता येत नाही.

भाचीने साखरपुडा मोडला. लोक बोलले, तिच्या आईवडिलांनी ते सोसले. आता ती पुन्हा माझ्याशी कडाकडा वाद घालते. परमेश्वर प्रत्येकाला नावाने हाक मारतो, अशी आपली श्रद्धा आहे. त्या हाकेला ओ द्यायची, तर आवाज स्वतःचा असावा लागतो.