बिल्ल्यामागची भोकं

डेट्रॉइटच्या नदीकाठापासून पाँटिॲक गावापर्यंत वुडवर्ड अव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच्यावर जुन्या मोटारींची जत्रा भरते. १९९५ साली सुरू झालेल्या या ‘ड्रीम क्रूझ’ला ना तिकीट, ना मांडव. लोक कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाड्या सावकाश सरकत राहतात. आमचा मुक्काम भाच्याकडे डिअरबॉर्नला होता, तेव्हा आम्हीही पाण्याच्या बाटल्या आणि झातर लावलेल्या रोट्या घेऊन निघालो.

वुडवर्डवरच हायलँड पार्क लागतं. फोर्डने १९१३ साली मोटारींची फिरती असेंब्ली लाइन सुरू केली ती इथे. पुढच्या वर्षी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर झाली आणि कामाच्या शोधात आलेल्यांत सिरिया-लेबनॉनकडचे मुसलमानही होते. १९२१ साली या वस्तीत मशीद उभी राहिली. ती फार टिकली नाही. फोर्डचं काम डिअरबॉर्नच्या रूज कारखान्यात गेलं, तशी माणसंही तिकडे सरकली. भाच्याचे शेजारी त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे लेबनॉनचे. भाचा त्यांना ‘अम्मो’ म्हणतो, म्हणून आम्हीही अम्मो म्हणू लागलो. गाडी ओळखायची कशी, हे त्यांच्या शेजारी बसून कळलं.

आम्हाला सगळ्या १९५७ च्या शेवरोले सारख्याच दिसत होत्या. (आपल्याकडच्या जुन्या माणसांची ‘शेवरलेट’ ती हीच, मुंबईत शिवडीला १९२८ पासून जोडली जात असे.) अम्मो म्हणाले, शेपटीचे पंख बघू नका, ते तिन्हींना आहेत. मागच्या बाजूची पट्टी बघा. सगळ्यात स्वस्त वन-फिफ्टी, तिची चकाकती पट्टी आखूड. मधली टू-टेन, तिची पट्टी मागेपर्यंत जाते, पण दोन पट्ट्यांमधली जागा नुसती रंगवलेली. आणि वरची बेल एअर, तिच्या त्या जागेत बारीक रेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा. बेल एअरला सोनेरी छटा जागोजागी: पुढची जाळी सोनेरी, पुढच्या पंख्यावर तीन सोनेरी खुणा. बॉनेटवर इंग्रजी ‘व्ही’ असला तर आत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. सहा सिलिंडरला तो नाही. हा ‘व्ही’ बेल एअरवर सोनेरी, बाकी दोघींवर चंदेरी. पत्रा तोच, सांगाडा तोच, पण शेजाऱ्यांना आपली ऐपत दिसावी म्हणून एवढा खटाटोप! लग्नाच्या पत्रिकेवरच्या सोनेरी शाईची आम्हाला आठवण झाली.

पण बिल्ला तर दुकानातही मिळतो. नवे बनवलेले हुबेहूब बिल्ले आणि पट्ट्या आज सहज विकत येतात आणि वन-फिफ्टीची बेल एअर करता येते. म्हणून अम्मो बिल्ल्यापेक्षा त्याच्या मागे बघतात. जुने बिल्ले जस्ताच्या ओतीव धातूचे, वर क्रोमचा मुलामा. वर्षानुवर्षांत त्यावर बारीक फोड येतात. मागच्या खुंट्या पत्र्याच्या भोकांत बसतात. आतून हात फिरवला की बुजवलेली जुनी भोकं किंवा नव्याने पाडलेली भोकं बोटांना लागतात. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरची नंबराची पट्टी तर बोलतेच. १९५७ च्या शेवरोलेत वन-फिफ्टीला ए, टू-टेनला बी, बेल एअरला सी. व्ही-८ असेल तर त्याआधी व्ही.

सगळीकडे इतकं सोपं नाही. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही लेमान्स गाडीवर घेतलेली जादा सोय होती. नंबरात ती लेमान्सच दिसते, मग कारखान्याचे जुने कागद काढावे लागतात. १९६६ पासून तिला स्वतःचा २४२ हा आकडा मिळाला. १९६७ च्या कॅमरो झेड-२८ वर तर त्या नावाचा बिल्लाच नव्हता. म्हणजे त्या सालच्या गाडीवर बिल्ला दिसला, तर तो नंतरचा.

हे सगळं आम्ही इतकं कान देऊन ऐकत होतो त्याला कारण होतं. भाच्याने तीन वर्षांच्या बचतीतून १९६५ ची फोर्ड मस्टँग जीटी घ्यायचं ठरवलं होतं. जीटीची किंमत साध्या मस्टँगपेक्षा बरीच जास्त. दुसऱ्या दिवशी बयाणा द्यायचा होता. अम्मोंना आम्हीच गळ घातली, तुम्ही चला.

गाडी देखणी होती. पुढच्या जाळीत जादा दिवे, खाली पट्टे, दोन्ही बाजूंना जीटीचे बिल्ले. अम्मोंनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. बॉनेट उघडायला लावलं, डाव्या पंख्याच्या आतल्या पत्र्यावरचा ठसा कापडाने पुसला आणि मोठ्याने वाचला. पाच म्हणजे १९६५. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. शून्य-सात म्हणजे हार्डटॉप. पुढचं अक्षर सी.

“जीटी त्या साली फक्त ए किंवा के इंजिनावर मिळे,” अम्मो भाच्याला हळूच म्हणाले. मग गुडघ्यावर बसून त्यांनी मागच्या चौकटीला बॅटरी लावली. धुराच्या दोन नळ्या टांगायला जीटीच्या चौकटीला आतून जादा पट्टी असते. ती तिथे नव्हती.

विकणारा माणूस लबाड वाटला नाही. त्यालाही ती जीटी म्हणूनच विकली गेली होती आणि पैसेही त्याने तेवढेच मोजले होते. तो बराच वेळ बॉनेट धरून उभा राहिला. भाच्याने बयाण्याचं पाकीट खिशातच ठेवलं आणि साध्या मस्टँगची किंमत सांगितली. माणूस म्हणाला, विचार करतो.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. सौदा त्याच भावात झाला आणि कागदावर ‘जीटी’ हा शब्द नको, असं भाच्याने आधीच सांगितलं. दोन्ही बिल्ले काढून त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आहेत.