ग्रां-प्रेची उघाडी

हॅलिफॅक्सला ऑनसाइट आल्यापासून माझे वीकेण्ड ठरलेले. लाँड्री, मॉल आणि कुकरला डाळ-भात. त्या शनिवारी मात्र गाडी काढली आणि तासाभरात ग्रां-प्रे गाठलं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, फंडीच्या उपसागराला लागून. समोर नुसती सपाट हिरवी शेतं. म्हटलं, यात बघण्यासारखं काय? मग बांध दिसला आणि मी थेट अलिबागला, आमच्या खारात!

१६८०च्या दशकात पोर्ट रॉयलहून फ्रेंच वंशाचे शेतकरी इथे आले. अकेडियन म्हणतात त्यांना. फंडीची भरती जगात सगळ्यात उंच. त्याच समुद्राला या पठ्ठ्यांनी मातीचे बांध घालून मागे सारलं. बांधाखालून लाकडी मोरी, मोरीत झडप. ओहोटीला आतलं पाणी बाहेर, भरती आली की झडप आपोआप बंद. ते म्हणतात आब्वातो, आपण म्हणतो उघाडी. दोन-तीन वर्षांत पावसाने मीठ धुऊन निघालं, की गहू असा यायचा म्हणता!

१७१३च्या तहात हा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यांना हवी होती बिनशर्त निष्ठेची शपथ. अकेडियन म्हणाले, आम्ही कुणाच्याच बाजूने लढणार नाही. ५ सप्टेंबर १७५५ला कर्नल विन्स्लोने ४१८ पुरुष आणि मुलांना चर्चमध्ये बोलावलं आणि हुकूम वाचला : जमिनी, गुरं जप्त, तुम्ही हद्दपार. १७६३पर्यंत सगळ्या प्रदेशातून दहा हजारांहून जास्त माणसं हलवली. कित्येक वाटेतच गेली. काहींचे वंशज आज लुइझियानात 'केजन' म्हणून ओळखले जातात.

पुढची गंमत ऐका. १७५९च्या वादळात बांध फुटले. १७६०मध्ये न्यू इंग्लंडहून आलेल्या नव्या मालकांना ते बांधता येईनात. मग दुरुस्तीला कोण? कैदेतले अकेडियनच! स्वतःच्याच शेतावर मजूर. १७६४मध्ये परतायची परवानगी मिळाली, पण जमीन केव्हाच दुसऱ्याची झाली होती.

२०१२पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे. बांध शाबूत आहेत, मागे शेती चालू आहे.

बांधाचा फोटो बाबांना व्हॉट्सअॅप केला. आमच्या दोन एकरांत खांड गेल्यापासून खारं पाणी आहे आणि ती विकायचं चाललंय. विका, असं मीच म्हणालो होतो. लगेच फोन आला.

"चांगला राखलाय रे. कोण बघतं?"

"इथले शेतकरी आणि सरकार मिळून. बाबा, आपली एवढ्यात विकू नका ना."

"आणि बांध कोण घालणार? तू?"

आम्हाला तर कुणी हाकललंही नव्हतं. मी भरतीकडे बघत गप्प उभा राहिलो.