एका पत्राला अडीच तोळे

सोमवारी आईचा व्हॉइस मेसेज आला. दोन मिनिटं सतरा सेकंद. मीटिंगमध्ये होते, म्हटलं नंतर ऐकू. हे ‘नंतर’ कधी उगवतं, तुम्हालाही माहितीय! शुक्रवारी रात्री एका लेखासाठी वाचता वाचता अलेक्झांडर टॉड भेटला, तोवर तो मेसेज तसाच पडून होता.

1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्याच वर्षी जगभरातली पोरं तिकडे धावली. पण घरची पत्रं थांबायची सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टात. न्यूयॉर्कहून बोटीनं पनामा, मग होडी आणि खेचर, पुन्हा बोट. महिना सहज जायचा. खाणी त्याहून आत, डोंगरात. पत्रासाठी काम सोडून शहर गाठायचं आणि तासन् तास रांगेत उभं राहायचं. रांगेतली जागासुद्धा विकली जायची!

टॉडही खरं तर सोनं शोधायलाच आलेला. पण थंडगार पाण्यात उभं राहून माती धुणं तब्येतीला झेपेना. मग 1849 मध्ये त्यानं पत्रं पोचवायचा धंदा काढला. यादीत नाव घालायचं, तर एक डॉलर. पत्र आणून दिलं, तर एक औंस सोनं, म्हणजे तेव्हाचे सोळा डॉलर. आपल्या भाषेत अडीच तोळ्यांहून जास्त. एका पत्राला! (आणि आपण डिलिव्हरी चार्ज चाळीस रुपये दिसला की ऑर्डर कॅन्सल करतो.) जाता जाता हा पठ्ठ्या डॉलरला घेतलेली न्यूयॉर्कची जुनी वर्तमानपत्रं आठ डॉलरला विकायचा. सॉलिड डोकं!

मी मात्र अडकले त्या पहिल्या डॉलरपाशी. तो पत्राचा नव्हताच. ‘माझं काही आलंय का?’ एवढंच आपल्या वतीनं कुणीतरी पोस्टात जाऊन विचारावं, त्याचा होता. पत्र नसलं तरी डॉलर गेलाच. टॉड आला म्हटल्यावर हातातलं काम टाकून धावलेले आणि रिकाम्या हातानं परत पाण्यात उतरलेले किती असतील?

पावणेबारा वाजले होते. मेसेज लावला. सुरुवातीला शेजारच्यांचं लग्न, मग लोणचं. शेवटी, ‘‘बाबांचा रिपोर्ट आलाय गं, काळजीचं काही नाही. तू बिझी असशील म्हणून फोन नाही केला.’’

टेस्ट कधी केली, हेच मला ठाऊक नव्हतं. तेवढ्या रात्री फोन लावला.