वालाच्या शेंगा आणि खोट्या मेटाचा मेल

आज पिकाची नोंद थोडी आणि माझ्या मूर्खपणाची जास्त.

वाल शेंगांवर आलाय. बांधाकडच्या चार ओळींत शेंड्यांवर मावा दिसला, तेवढे शेंडे खुडून टाकले. बाकी ठीक.

गेल्या रविवारी संध्याकाळी शेतातून आलो, हातपाय धुतले नि फोन बघितला. ‘मेटा सपोर्ट’ नावानं इंग्रजी मेल. तुमच्या पेजवर कॉपीराइटचा भंग झालाय, 24 तासांत अपील करा, नाहीतर पेज कायमचं बंद. खाली निळं बटण.

खरं सांगतो, माझ्या मनात चोर होता. पोपटीच्या व्हिडिओला मी सिनेमातलं गाणं लावलं होतं. वाटलं, सापडलो! या पेजवर पाच वर्षांच्या नोंदी आहेत, कुठल्या साली वाल कधी पेरला, भात काढल्यावर ओल किती दिवस टिकली, सगळं. वहीत काहीच नाही. कडव्या वालाची निम्मी गिऱ्हाइकं इथूनच येतात. दाबलं बटण.

समोर फेसबुकचंच पान आलं, म्हणजे दिसायला तसंच. पासवर्ड टाकला. मग त्यानं सहा आकडी कोड मागितला आणि तेवढ्यात एसएमएस आलाच. मी आकडे टाकायला लागलो तर पुतण्या म्हणाला, "काका, थांबा. मेल कुणाचा आलाय ते आधी दाखवा."

फोनवर मेल उघडला की पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं. त्या नावावर बोट दाबलं की खरा पत्ता उघडतो. फेसबुकच्या बहुतेक सूचना फेसबुकमेल डॉट कॉम या पत्त्यावरून येतात. इथं भलतंच काहीतरी होतं. लिंकच्या पत्त्यात मात्र ‘फेसबुक’ हा शब्द होता, पण सुरुवातीला. डॉट कॉमच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं असतं, तिथं दुसरंच नाव.

लावणीच्या वेळी सावा जातीचं गवत भातात असंच मिसळून जातं. पात खोडाला मिळते तिथं भाताला पातळ पापुद्र्यासारखी जीभ असते, त्या गवताला नसते. हे मला अंधारात कळतं. मेलचं कळलं नाही.

मग एसएमएस खरा कसा? तर मी खोट्या पानावर पासवर्ड टाकला, चोरानं तो लगेच खऱ्या फेसबुकवर टाकला, म्हणून फेसबुकनं मला कोड पाठवला. तो कोड दिला असता तर पेज गेलंच होतं, आणि उद्या तुमच्यातल्याच कुणाला माझ्या नावानं पैसे मागणारा मेसेज आला असता. म्हणून तर हे लिहितोय.

पासवर्ड तिथल्या तिथं बदलला. तोच पासवर्ड मेललाही होता (हसू नका), तोही बदलला.

पत्ता बघणंही दर वेळी पुरत नाही, तो बनावट करता येतो. पुतण्यानं दाखवलेली रीत मला जास्त पटली. मेलमधलं बटण दाबायचंच नाही. फेसबुकचं ॲप आपण स्वतः उघडायचं, सेटिंगमध्ये पासवर्ड आणि सुरक्षेच्या भागात फेसबुकनं अलीकडे पाठवलेल्या मेलची यादी मिळते. तिथं तो मेल नसेल तर कानाडोळा करायचा. माझा नव्हता. इन्स्टाग्रामलाही अशी यादी आहे. कुणाचे पैसे गेले तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

गाण्याचा व्हिडिओ अजून आहे तसाच आहे, त्याबद्दल खऱ्या फेसबुकनं अजून तरी काही म्हटलेलं नाही.

परवा पुन्हा एक मेल आला. तुमचं इन्स्टाग्राम खातं 48 तासांत बंद होणार म्हणून. मी इन्स्टाग्रामवर नाहीच.