आतली टिचकी

जानेवारीतली दुपार होती आणि मी मटार सोलत बसले होते. ताट मांडीवर. पोट जरा पुढे यायला लागलेलं, म्हणून ताटाची कड पोटाला टेकलेली. शेंगेच्या पाठीवर अंगठा दाबायचा, दाणे टणटण ताटात पाडायचे. त्या नादात बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला काहीतरी टिचकलं. ताटाचा धक्का बसला असेल म्हणून ताट खाली ठेवलं. पुन्हा टिचकलं. सकाळी पावट्याची उसळ खाल्ली होती, वारा धरला असेल असं वाटलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा हातातली शेंग अर्धी उकललेलीच राहिली. एकोणिसावा आठवडा चालू होता.

आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "डोळा लवतो ना, तसं एक दिवस पोट लवेल. विचारायला जाऊ नकोस कुणाला, तुझं तुला कळेल." मावशी म्हणायची, हंड्यात मासा वळल्यासारखं वाटतं. आईचीच उपमा मला पटली. डोळा लवतो तेव्हा समोर बसलेल्याला काही दिसत नाही, पण आपल्याला मात्र त्या लवण्यापलीकडे दुसरं काही सुचत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीला हे सगळं उलगडून सांगितलं. बाळ काही त्या दुपारी पहिल्यांदा हललं नव्हतं. सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच, जेमतेम दीड सेंटिमीटरचा जीव असतो तेव्हापासून, ते हलत असतं. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मी स्वतःच त्याला हात झाडताना पाहिलं होतं, आणि पोटात मात्र शांत शांत. गर्भजलात तरंगणाऱ्या एवढ्याशा हातपायांचा जोर भिंतीपर्यंत पोचतच नाही. पहिलटकरणीला बहुधा अठरा ते वीस आठवड्यांत कळतं. दुसऱ्या खेपेला खूण ओळखीची झालेली असते, म्हणून सोळाव्या आठवड्यातही कळू शकतं. वार पुढच्या बाजूला असली तर मध्ये उशी ठेवल्यासारखं होतं आणि उशीर लागतो. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी विसरले नाही. ही हालचाल म्हणजे नुसता खेळ नव्हे. सांधे नीट घडायला, हाडं भरायला ती लागतेच. आत आपलं शरीर घडवायचं काम चाललेलं असतं, आणि त्यातला एखादा ठोका आपल्या कानी येतो, एवढंच.

नवरा संध्याकाळी घरी आला. त्याचा तळवा मी पोटावर ठेवला. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेरच्या हाताला कळायला आणखी चार-पाच आठवडे जावे लागतात. त्या दिवसांत त्याच्याकडे माझ्या शब्दाखेरीज काही नव्हतं. मी म्हणायचे, "आत्ता हललं," आणि त्याचा चेहरा उजळायचा. सासूबाईंनी तर हात लावून पाहिलाही नाही. "बाळ फिरायला लागलं," असं देवापाशी सांगून साखर ठेवली. माझं सांगणं त्यांना पुरेसं होतं. त्या विश्वासाची किंमत मला पुढे कळली.

एकेकाळी कायद्यालाही हे सांगणं पुरत होतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं 312 वं कलम गर्भपाताबद्दलचं. एरवी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पोटातलं बाळ हलू लागलेलं असेल तर सात वर्षांपर्यंत. हिंदी अनुवादात त्यासाठी शब्द आहे 'स्पन्दनगर्भा'. किती सुंदर शब्द, आणि आलाय कुठे, तर शिक्षेच्या कलमात. त्या काळी पोटात डोकावणारं यंत्र नव्हतं. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी काढलेली गर्भाची चित्रं प्रसिद्ध केली ती 1958 साली. तोवर आत जीव आहे याची मोठी साक्ष आईचीच. पुढे 1971 च्या कायद्यात मोजमाप आठवड्यांचं आलं. पण 2023 च्या भारतीय न्याय संहितेच्या 88 व्या कलमातही हा जुना भेद तसाच उतरला आहे.

त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेनं म्हटलं की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून गर्भिणी ही दोन हृदयांची, दौहृदिनी. तिच्या इच्छा या दोघांच्या इच्छा, म्हणून त्या पुरवाव्यात. आपले डोहाळे या शब्दाच्या मुळाशी हीच दोन हृदयं आहेत असं मानतात. सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून, फुलांची वाडी भरून मला झोपाळ्यावर बसवलं तेव्हा बायका गाणी म्हणत होत्या आणि आतून ढुशा चालू होत्या. साडीच्या निऱ्या हलताना समोरच्यांना दिसल्या. गाणं मध्येच थांबलं. सगळ्या बघत राहिल्या.

दुसऱ्या वेळी मात्र वार पुढे होती. बावीस आठवडे उलटले तरी मी दुपारी आडवी होऊन नुसती वाट बघायचे. मग एकदा सुरू झालं आणि हळूहळू त्याला वेळापत्रक आलं. मी चालत-फिरत असताना गप्प, रात्री पाठ टेकली की जागं. नववा लागला आणि एका रात्री ते जागं झालं नाही. मी डाव्या कुशीवर पडले, हात ठेवून मोजत राहिले. दोन तासांत दहा हालचाली तरी व्हायला हव्यात असं सांगितलेलं होतं. चार झाल्या. दवाखान्यात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "शेवटी शेवटी जागा कमी पडते, बाळ कमीच हलतं. गार काहीतरी प्या आणि झोपा. उगाच घाबरू नका."

नवऱ्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही, चपला घातल्या. दुसऱ्या दवाखान्यात पोटाला पट्टा बांधून ठोके पाहिले. सोनोग्राफीत दिसलं, गर्भजल फार कमी झालं होतं. पहाटे सिझेरियन झालं. दोन किलोची मुलगी. आज ती माझ्या खांद्याला लागते आणि मटार सोलताना अर्धे दाणे तोंडात टाकते.

शेवटच्या दिवसांत बाळाचं हलणं कमी होतं, ही समजूत खोटी आहे. लाथेऐवजी लोळल्यासारखं, वळल्यासारखं जाणवेल, पण हलणं थांबत नाही, कमीही व्हायला नको. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल आणि रात्री दोन वाजता उठून म्हणाली, "आज बाळ गप्प आहे गं," तर सरबत करत बसू नका, सकाळची वाट बघू नका. तिला घेऊन निघा.