वाळपईचं भगिनी शहर कोणतं?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या शाळा संपल्या आणि आम्ही नेहमीप्रमाणे बंगळुरूहून वाळपईला निघालो. वाळपई म्हणजे माझ्या आईचं माहेर. खरं तर आजोळचं घर वाळपई शहरापासून थोडं आत, एका लहानशा गावात आहे; पण लहानपणापासून आम्ही "वाळपईला जातो" असंच म्हणत आलो. या वेळी मात्र सुट्टीशिवाय दुसरं एक काम होतं. मामाचा फोन आला होता, "बाय, येताना आधार कार्ड आण. एक सही हवी आहे."

हुबळी, बेळगाव करत आम्ही चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलो. कणकुंबीला चहासाठी थांबलो. मलप्रभा नदी याच गावात उगम पावते आणि म्हादईचं पाणी तिच्याकडे वळवण्यासाठी कळसा कालवा खणला गेला, तोही इथेच. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये पाण्याची वाटणी सांगितली: गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. तरी वाद मिटला नाही, सर्वोच्च न्यायालयात गेला. घाट उतरून केरीला पोचलो, तर फळं विकणारे एक काका आमच्या गाडीची नंबरप्लेट बघून हसले, "कर्नाटकची गाडी? पाणी न्यायला आलात की काय?" मी म्हटलं, "नाही हो, माहेरपणाला आलेय." त्यांनी दोन जाम जास्त घातले.

माझी तेरा वर्षांची लेक गाडीत वहीत काहीतरी खरडत होती. सुट्टीतला प्रकल्प होता, 'भगिनी शहरं'. दोन देशांतली शहरं करार करून एकमेकांशी नातं जोडतात, मग विद्यार्थी, कलाकार, व्यापारी यांची ये-जा होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना जोर धरू लागली आणि १९५६ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तिला मोठा पाठिंबा दिला. तिच्या यादीत मुंबई आणि लॉस एंजेलिस (१९७२), पुणे आणि सॅन होजे (१९९२) अशा जोड्या होत्या. घरी पोचल्या पोचल्या तिने मामाला विचारलं, "मामा आजोबा, वाळपईचं भगिनी शहर कोणतं?"

मामा पायरीवर बसून चष्मा पुसत होता. म्हणाला, "आमच्या नगरपालिकेला गटारं उपसायची असतात गो. बहीण कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाळपईच्या बाजारात गेलो. वाळपई हे सत्तरी तालुक्याचं मुख्य ठिकाण. गोव्यात पणजीची महापालिका सोडली तर तेरा नगरपालिका आहेत, त्यांतली एक इथली. मोठं शहर नव्हे. कदंबा बसचा थांबा, सरकारी आरोग्य केंद्र, पोलीस प्रशिक्षण शाळा, बाजारपेठ आणि सगळीकडून दिसणारे डोंगर. बाजाराच्या कडेला गटाराचं काम चाललं होतं. लेकीने विचारलं, "हे कोण करतं?" मामाला असले प्रश्न आवडतात. "गटार नगरपालिकेचं. हा मोठा रस्ता साबांखाचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा. तो खांब वीज खात्याचा. आणि आपल्या घरासमोरची वाट पंचायतीची. एका खड्ड्यासमोर उभं राहिलं, तर तो कोणाचा आहे हे आधी शोधावं लागतं. ते कळलं की अर्धं काम झालं."

हवेत काजूच्या बोंडांचा वास होता. एका बाईकडे हिरव्या मिरच्या, पेरू, चिकू आणि झेंडूची फुलं होती. मी लेकीला म्हटलं, "तुझ्या वहीत लिही. मिरची मेक्सिकोची. झेंडू मेक्सिकोचा. चिकू दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. पेरूही त्याच बाजूचा. काजू तेवढा ब्राझीलचा, तो पोर्तुगीजांनी आणला." तिला ते खरंच वाटेना. झेंडू मेक्सिकोचा? दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो? मी म्हटलं, "तोच. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस असतो, तेव्हा घरच्या गेलेल्या माणसांसाठी याच फुलांनी वाट सजवतात." माझी आई जाऊन दोन वर्षं झाली. लेकीने काही न बोलता झेंडूची एक माळ विकत घेतली.

मग मी तिला पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? १८८४ साली वर्ध्यात जन्मलेला हा क्रांतिकारक. गदर चळवळीत होते, इंग्रजांमुळे मायदेशी परतणं अशक्य झालं, आणि १९२०च्या दशकात ते मेक्सिकोला पोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मामा ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे करारबिरार काही नव्हता. माणूस गेला आणि तिथल्या लोकांच्या शेतात उतरला."

संध्याकाळी मामाने कागद काढले.

आमच्या घराच्या पुढून एक पायवाट वर जाते. वरच्या वाड्यावर काही घरं आहेत. त्यांच्यापर्यंत गाडी जात नाही, कारण आमचा गडगा आणि समोरचं कुळागर यांच्यामध्ये वाट अगदी अरुंद होते. पंचायतीने रस्ता करायचं ठरवलं होतं. त्यासाठी आमच्या बाजूची दोन मीटर रुंदीची पट्टी हवी होती. समोरच्या बाजूने घेता येत नव्हती, तिथून कुळागराचा पाट वाहतो आणि खालच्या बागा त्याच पाण्यावर जगतात.

दोन मीटर म्हणजे फार नाही. पण त्या दोन मीटरमध्ये आजीचं भिरंडीचं झाड येत होतं. याच झाडाची सोलं दरवर्षी जून महिन्यात पार्सलने बंगळुरूला येतात. आई असताना डबा उघडून ती आधी नुसता वास घ्यायची. ती गेल्यानंतरही डबा येतोय. त्या झाडावर मी सही करायची?

गोव्याच्या बाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या इथल्या नागरी कायद्यात मुलगा आणि मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत सारखेच वाटेकरी. नवरा-बायकोही एकमेकांच्या मालमत्तेत भागीदार. त्यामुळे आजी, मामा-मामी, मावशी आणि तिचे यजमान, आणि आईच्या जागी मी व माझा भाऊ, अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. भाऊ नेदरलँड्समध्ये असतो. त्याने मुखत्यारपत्र पाठवलं होतं. राहिले होते मी एकटी. मामाने जमिनीचा उतारा, ज्याला इथे 'एक-चौदा' म्हणतात, समोर ठेवला. आजोबांचं नाव, सर्व्हे नंबर, झाडांची नोंद.

मी म्हटलं, "मामा, रस्ता थोडा वळवता नाही येणार?" मामी लगेच म्हणाली, "मीही तेच सांगतेय केव्हापासून." मामा गप्प. शेवटी म्हणाला, "रविवारी ग्रामसभा आहे. तू ये. ऐक. मग ठरव."

ग्रामसभा पंचायतीच्या सभागृहात होती. बाहेरची नोटीस मराठीत, आतलं बोलणं कोकणीत. आमच्या घरातही तसंच, बोलायला कोकणी आणि वाचायला मराठी. पंधरा-वीस मिनिटं वाट पाहिल्यावर खुर्च्या भरल्या. मामाने सचिवांना विचारून आम्हाला मागच्या बाकावर बसवलं. विचारावं लागलं, कारण ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, तेव्हापासून ती अशीच आहे. एक-चौदावर माझ्या आजोबांचं नाव, माझ्या सहीवाचून जमीन हलत नाही. पण माझं मत बंगळुरूला. या खोलीत मला बोलायचा अधिकार नव्हता. लेकीने कानात विचारलं, "मग आपण इथले आहोत की नाही?" मी तिला चूप केलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आधी कचऱ्याचा विषय झाला, मग पथदीपांचा. मग आमचा रस्ता आला. एक तरुण उठून म्हणाला, "शहरात राहणाऱ्यांची सही अडलीय म्हणे. त्यांना वर्षातून आठ दिवस सावली हवी, आम्हाला वर्षभर चालायचंय." सभागृहात दोन-चार जण मागे वळले. माझे कान गरम झाले. मामाने खाली पाहिलं, पण तो माझ्या बाजूने काही बोलला नाही.

मग वरच्या वाड्यावरची एक म्हातारी बाई उठली. तिने कोणावर राग काढला नाही. गेल्या पावसात सुनेच्या कळा रात्री सुरू झाल्या. खुर्चीला दोन वासे बांधून तिला चार जणांनी आमच्या गडग्यापर्यंत खाली आणलं, तिथे गाडी उभी होती. वाळपईच्या आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत उजाडलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. एवढं सांगून ती म्हणाली, "आमच्याकडे द्यायला जमीन असती तर आम्हीच दिली असती. आमच्या नावावर कागदच नाही."

हे वाक्य सत्तरीबाहेरच्या माणसाला नीट कळणार नाही. इथे अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसतात, काजू लावतात, घरं बांधतात. पण मोकासे, आल्वारा अशा जुन्या पोर्तुगीजकालीन व्यवस्थांमुळे मालकी त्यांच्या नावावर झालेली नाही. जमिनीचं दुखणं इथलं जुनंच. १८५२ साली दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं, त्यामागे जमिनीवरच्या करांचा रागही होता. अलीकडे गुळेलीजवळच्या शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जागा ठरली, लोक रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने तिथला प्रकल्प रद्द केला. बाहेरून बघणाऱ्यांना वाटलं, हे लोक शिक्षणाच्या विरुद्ध आहेत. त्यांचा प्रश्न साधा होता: आम्ही कसतो ती जमीन कोणाची?

मेक्सिकोतही हाच प्रश्न होता. तिथल्या क्रांतीनंतर १९१७च्या राज्यघटनेने गावांना सामाईक जमीन देण्याची तरतूद केली. तिला 'एहीदो' म्हणतात. कसणारी कुटुंबं सभेत बसून निर्णय घेतात. खानखोजे मुक्त कृषी शाळा चालवत होते, ते अशाच नव्याने जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांच्या देशात. त्या सभागृहात मागच्या बाकावर बसून मला ते आठवलं. आमच्याकडे कागद होता म्हणून आम्ही अडवू शकत होतो आणि देऊही शकत होतो. वरच्या वाड्याला यातलं काहीच करता येत नव्हतं.

घरी आलो. आजी ओसरीवर बसून फणसाच्या आठळ्या निवडत होती. वय शहाऐंशी. तिने आपली सही सगळ्यांच्या आधी केली होती, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, "आजी, तुला झाडाचं काही वाटत नाही?"

"वाटतं तर," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या वेळी मी पोटुशी होते तेव्हा लावलंय ते. पण सोलां बाजारात मिळतात गो बाय. आणि त्या सुनेला खुर्चीवरून नेलं ना, तेव्हा कंदील मीच धरला होता."

मी सही केली. त्यानंतर झोप मात्र लवकर लागली नाही. सकाळी लेक झेंडूची माळ घेऊन गेली आणि झाडाला बांधून आली. मामीने त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलणं केलं नाही. निघताना मात्र तिने आगळाची बाटली पिशवीत घातली आणि "सांभाळून जा" म्हणाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मामाचा फोन आला. गडगा मागे घेऊन बांधला आहे, चिरे पुन्हा तेच वापरले. पाऊस लागल्यामुळे रस्त्याचं काम आता दिवाळीनंतर. झाड अजून उभं आहे, तेवढीच एका पावसाची मुदत. आजीने मे महिन्यात बिया पिशव्यांत लावल्या होत्या, त्यांतल्या तीन उगवल्या. एक वरच्या वाड्यावर दिली.

लेकीच्या वहीत शेवटच्या पानावर मुंबई, पुणे यांच्या खाली एक ओळ आहे: "वाळपई – अजून ठरलेलं नाही." बाईंनी त्यावर लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलंय.

मंडळातल्या तरुण मित्रमैत्रिणींना एवढंच सांगते. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं नाव गावाकडच्या कुठल्या ना कुठल्या उताऱ्यावर असेल, किंवा उद्या येईल. फोनवरून सही पाठवता येते, नाहीही म्हणता येतं. पण जमलं तर त्याआधी एकदा गावी जा. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांतल्या एखाद्या रविवारी ग्रामसभा असते. बोलायला मिळणार नाही कदाचित. मागचा बाक मिळेल.