मागच्या दाराची मोटर

आमच्या जुन्या गाडीची तीन दारं बटणासरशी लॉक व्हायची; मागचं डावं मात्र तसंच राहायचं. तिथं नातू बसतो, म्हणून जिवाला घोर. चाइल्ड लॉक लावलं की दार आतून उघडत नाही, पण बाहेरून कुणीही उघडू शकतं. एका ठिकाणी "पूर्ण लॉक सेट बदला" म्हणून हजारोंचा आकडा सांगितला.

आमच्या गल्लीतला मिस्त्री मात्र म्हणाला, "मोदल नोडोण री, काकू." आधी बघूया! दाराचं आतलं कव्हर काढून त्यानं वायरींना मीटर लावला. बटण दाबताच क्षणभर बारा व्होल्ट दिसले. म्हणजे वायर शाबूत, मोटर गेलेली. करंट आलाच नसता, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटलेली वायर शोधावी लागली असती.

आमच्या गाडीत मोटर लॉकपासून वेगळी. त्यामुळे बाजारातली दोन वायरींची साधी मोटर बसली; काही शेकड्यांत काम झालं. ड्रायव्हरच्या दाराला बहुधा पाच वायरींची लागते, हे विकत घेताना लक्षात ठेवावं. कव्हरमागचा प्लास्टिकचा कागदही त्यानं पुन्हा नीट चिकटवला, नाहीतर पावसाळ्यात पाणी गाडीत झिरपतं.

मिस्त्री मराठी बोलो की कन्नड, सुटा भाग बदलण्याआधी "नोडोण" म्हणणारा असावा.